कॅमेरा अचानक पांढरेफटक फोटो काढायला लागला
परवा सकाळी कॅमेरा हातात घेतला तर प्रत्येक फोटो पांढराफटक, आकाश तर पार गायबच, मला वाटलं गेला सेन्सर. पोटात गोळाच आला. आधी लेन्स काढून मागचे सोनेरी कॉन्टॅक्ट कोरड्या मऊ कापडाने पुसले, बॅटरी काढून परत घातली, काही फरक नाही. मग स्क्रीनच्या खालच्या पट्टीकडे लक्ष गेलं, खूण शून्यावर नाहीच, +2 वर! बॅगेत घासून एक्सपोजर कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे फोटो मुद्दाम जास्त उजळ किंवा गडद करायचा, डायल फिरला होता. एका स्टॉपला (पट्टीवरच्या एका पूर्ण आकड्याला) उजेड दुप्पट, म्हणजे +2 ला चौपट, मग फोटो जळणारच ना. आणि हे सेटिंग बऱ्याच कॅमेऱ्यांत बंद करून चालू केलं तरी तसंच राहतं, त्यामुळे रिपेअरला टाकायच्या आधी ती पट्टी एकदा बघाच प्लीज.