आता सापडून काय उपयोग?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. ओळख जरा वाढली की हा प्रश्न येतोच: “इतकी वर्षं झाली, आता तिचा खुनी सापडून काय उपयोग? ती थोडीच परत येणार आहे?”

ती येणार नाही, हे आम्हाला 1989 पासून माहीत आहे. कृष्णाकाठच्या आमच्या गावात, कॉलेजातून परतताना, उसाच्या फडाजवळ कुणीतरी तिचा जीव घेतला. बारावीत होती. यापेक्षा जास्त मी सांगत नाही. तिचं नाव निघालं की लोकांना तो फडच आठवतो, आणि मला त्याचा संताप येतो.

मला आठवते ती दहावीतली. सर फळ्यावर पक्ष, साध्य लिहून सिद्धतेपर्यंत पोचायच्या आत हिची वहीत मांडून झालेली असायची, तीही सरांच्यापेक्षा दोन ओळींनी कमी. मुलामुलींनी उघड बोलायची सोय नव्हती. तिची वही धाकट्या भावाच्या हातून माझ्याकडे यायची, समासात पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं: “हे पुन्हा सोडव.” मी सोडवायचो, वही परत जायची. आमचं प्रेम ते एवढंच, आणि मला ते पुरेसं मोठं वाटतं. तिला डी.एड. करायचं होतं. पगार सुरू झाला की आईला दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाऊ द्यायचं नाही, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं.

आता उपयोगाचं. तपास ‘अ समरी’त गेला. गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही. चौकशीला मला नेलं होतं, तिच्या चुलतभावालाही. दोघांनाही सोडलं, पण अशा प्रकरणात जसा कुणी दोषी ठरत नाही, तसा कुणी निर्दोषही ठरत नाही. मी शिकायला बाहेर पडलो. तो गावातच राहिला. त्याची ठरलेली सोयरीक मोडली. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, पण पारावर तो आला की बोलणं थांबायचं. तो गेला तोही त्याच संशयाखाली. मुलीला स्थळं बघतानासुद्धा ती कुजबुज निघालीच. खुनी सापडला तर या घरावरचा डाग पुसला जाईल. याला उपयोग म्हणायचं नाही तर कशाला?

कायद्यानंही दार बंद केलेलं नाही. खुनाच्या गुन्ह्याला मुदत नसते. अहवाल कोर्टात गेल्यावरही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 173(8) खाली पुढचा तपास करता यायचा, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. तेव्हा कपड्यांवरच्या डागांवरून फार तर रक्तगट कळायचा; हैदराबादला डॉ. लालजी सिंग यांचं डीएनएवरचं काम नुकतं उभं राहत होतं. आज जुन्या कापडावरूनही माणूस ओळखता येऊ शकतो, मुद्देमाल नीट जपलेला असेल तर.

म्हणून तिच्या भावानं अर्ज दिला आहे: तो मुद्देमाल कुठे आहे, ते आधी सांगा. उत्तर आलेलं नाही, आम्ही स्मरणपत्र पाठवतोय. त्याच्यावर भावाची सही आहे, माझी आहे, आणि चुलतभावाच्या मुलीनं स्वतःहून येऊन केलेली तिचीही आहे.