प्ल्योनच्या बांधावरची जांभळी बोटं

हॅम्बुर्गहून निघून ल्युबेकला गाडी बदलली की कीलकडे जाणारी रेल्वे तळ्यांच्या मधून वाट काढत जाते. ऑयटीन, मालेंटे, प्ल्योन. जर्मनीच्या अगदी उत्तरेकडच्या या भागाला 'होल्स्टाइनचं स्वित्झर्लंड' म्हणतात. इथलं सगळ्यात उंच शिखर म्हणजे बुंग्सबेर्ग, उंची १६८ मीटर. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाने हे ऐकून हसू नये, यजमानांना वाईट वाटतं.

माझी मामेबहीण प्ल्योनजवळच्या एका खेड्यात राहते आणि तिच्या सासूबाई शेजारच्याच घरात. मी गेले ते सप्टेंबरच्या सुरुवातीला. दारात उभ्या असलेल्या ताईच्या पांढऱ्या गाडीवर जांभळे शिंतोडे उडालेले. "स्टार्लिंगांची कृपा," ताई म्हणाली. "पक्षी असे रंगीत शिटायला लागले की समजायचं, फ्लीडरबेअर पिकली. उद्या आई बादली घेऊन निघणार. चल तूही."

फ्लीडरबेअर म्हणजे एल्डरबेरी. बाकी जर्मनीत तिला होलुंडर म्हणतात आणि दक्षिणेकडे, ऑस्ट्रियात, होलर. इथे मात्र होलुंडर म्हटलं की तुम्ही बाहेरचे आहात हे लगेच कळतं.

सासूबाईंना सगळे नावाने हाक मारतात, अगदी नातवंडंसुद्धा. माझी काही जीभ रेटेना, मी आपली 'काकू' म्हणत राहिले आणि त्याही ओ देत राहिल्या.

ही झुडपं वाढतात ती 'क्निक'मध्ये. क्निक म्हणजे शेताच्या कडेचा मातीचा बांध आणि त्यावरचं दाट कुंपण. अठराव्या शतकात इथल्या सामाईक जमिनींची वाटणी झाली तेव्हा हद्दी आखायला आणि गुरं अडवायला हे बांध घातले. वारा अडतो, माती धरून राहते, पाखरांना आसरा मिळतो. हेझल, काटेरी ब्लॅकथॉर्न, ब्लॅकबेरी आणि अधूनमधून चार-पाच मीटर उंचीची एल्डर. दर दहा-पंधरा वर्षांनी सगळं बुडापासून छाटतात आणि ते पुन्हा जोमाने फुटतं. क्निकला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे फांद्या मोडत सुटायचं नाही. रानातली फळं घरच्यापुरती थोडी घ्यायला हरकत नसते, पण काकूंनी शेतकऱ्याला आधी फोन केला होताच. मोटारींच्या रस्त्याकडेची झुडपं त्यांनी बघितलीही नाहीत.

फळ एकेक करून तोडायचं नसतं. छत्रीच्या काड्यांसारखा पसरलेला अख्खा घोस कात्रीने देठापासून कापायचा. पिकलेला घोस वजनाने खाली मान टाकतो आणि त्याचे बारीक देठ वाइनसारखे लाल होतात. एकाच घोसात काळे, लालसर आणि हिरवे दाणे दिसले तर तो तसाच सोडायचा. काकूंचा दुसरा नियम असा की हाताला लागेल तेवढंच आपलं, शेंड्याकडचं पाखरांचं. मी शिडीचं नाव काढलं तेव्हा त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

दिसायला सारखं असलेलं एक भावंडही आहे, बुटकी एल्डर. ती झुडूप नसून दरवर्षी जमिनीतून नव्याने उगवणारं रोप असते आणि तिचे घोस आकाशाकडे तोंड करून उभे राहतात. ती विषारी. लटकणारं घ्यायचं, उभं राहणारं नाही.

अर्थात खरी एल्डरही कच्ची तोंडात टाकायची नाही. पानं, देठ, हिरवे दाणे आणि बियांमध्ये सांबुनिग्रिन नावाचं द्रव्य असतं. त्यातून पोटात सायनाइड सुटतं आणि मळमळ, उलट्या सुरू होतात. १९८३ साली कॅलिफोर्नियात एका मेळाव्यात लोकांनी कच्च्या एल्डरबेरीचा पाला-देठांसकट काढलेला रस प्यायला आणि त्यांना हेलिकॉप्टरने दवाखान्यात न्यावं लागलं. त्यातली झाडं वेगळ्या जातीची होती, पण धडा तोच. नीट उकळलं की प्रश्न मिटतो. म्हणूनच हे फळ बाजारात खायला म्हणून मांडलेलं दिसत नाही. ते चुलीशिवाय कुणाच्या कामाचं नाही, आणि मला वाटतं, त्यामुळेच ते अजून घराघरांत टिकून आहे.

तोडणं हा सगळ्यात सोपा भाग. खरं काम ओट्यावर. दाणे लगेच आंबायला लागतात, म्हणून त्याच दिवशी निवडायला बसायचं. काटा घ्यायचा, घोस भांड्यावर धरायचा आणि देठातून काटा खाली ओढायचा. दाणे टपटप पडतात, मात्र जोर जास्त झाला तर देठही तुटून येतो, मग तो वेचत बसा. पाण्यात टाकले की हिरवे आणि पोकळ दाणे वर तरंगतात, ते ओतून द्यायचे. तासाभरात माझी नखं, मनगटं आणि काकूंच्या टेबलाची एक कड, सगळं जांभळं. अठराव्या शतकात पोर्तुगालमध्ये पोर्ट वाइन गडद दिसावी म्हणून तीत हाच रस मिसळत, आणि ही भेसळ थांबवायला तिथला तेव्हाचा मुख्य मंत्री, पाँबालचा मार्क्विस, याने दौरू खोऱ्यातली एल्डरची झाडंच उपटायला लावली होती. त्या टेबलाकडे बघून मला मार्क्विसचं म्हणणं पटलं.

रस काढायला इथे एक तीनमजली भांडं असतं. खाली पाणी, वर जाळीच्या टोपलीत फळं, मध्ये रस साठायचा टोप. या टोपाच्या मधोमध धुराड्यासारखी नळी, तिच्यातून वाफ वर जाते. पाऊण तास वाफ खेळली की दाणे फुटतात आणि बाजूच्या रबरी नळीतून रस यायला लागतो. काकू चिमटा सैल करतात, गरम बाटली नळीखाली धरतात, काठोकाठ भरतात आणि लगेच झाकण आवळतात. ना साखर, ना काही. तळघरात हा रस वर्षभर टिकतो. चव म्हणाल तर तुरट, किंचित मातकट, गोडवा अगदी मागून येणारा. मला पहिल्या घोटाला कोकमाचं आगळ आठवलं, फक्त यात आंबटपणा नाही.

जेलीसाठी तोच रस पेक्टिन (फळांतलं, जेली घट्ट करणारं द्रव्य) मिसळलेल्या साखरेबरोबर खळखळून उकळतात. एल्डरमध्ये आंबटपणा कमी आणि पेक्टिनही फार नाही, त्यामुळे लिंबू किंवा सफरचंदाचा रस हवाच. जेली बरी होती. माझ्या मते साखरेपुढे फळ दबून जातं.

सूप ही मात्र वेगळीच गोष्ट. गोड सूप, तेही गरम, तेही जेवायला! रस पाण्याने सारखा करायचा, त्यात साखर, दालचिनी, लिंबाची साल, सफरचंदाच्या फोडी आणि थोडं कॉर्नफ्लोअर. वरून रव्याचे गोळे: दुधात लोणी घालून उकळी आली की रवा घालून घोटायचा, भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरला की उतरवायचा, मग अंडं फेटून घालायचं. दोन चमच्यांनी गोळे करून उकळत्या पाण्यात सोडायचे. काळ्या-जांभळ्या सुपात पांढरे गोळे, आणि कापला की आत रवाळ, मऊ. ताई हळूच त्यात वेलदोडा घालते. काकूंना ते चालतं, फक्त पाहुण्यांसमोर नको.

सर्दीला हाच रस गरम करून पितात. घाम येतो आणि बरं वाटतं, इतपत मीही मानेन. दुकानातल्या महागड्या एल्डरबेरी गोळ्यांचे दावे मात्र काकूसुद्धा उडवून लावतात.

जायचं असेल तर ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत फळं मिळतात. फुलांचं सरबत करायचं असेल तर जूनमध्ये जा, पण जूनमध्ये फुलं खुडली त्या फांदीला सप्टेंबरात फळ धरत नाही. कात्री आणि झाकणाची बादली बरोबर ठेवा, जुने कपडे घाला. आणि परतीच्या विमानात रसाची बाटली चेक-इन सामानातच टाका, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, साड्यांपासून लांब.