किल्ली बरोबर, तरी कुलूप उघडत नाही

सर्व्हर लातूरच्या डाळ मिलमध्ये आणि तो सांभाळणारा उदगीरला, ही मांडणी आपल्याकडं नेहमीची. मधला दुवा एसएसएचचा, म्हणजे लांबच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरून काम करायच्या सोयीचा. पासवर्डनं लॉगिन चालू ठेवलं तर बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, रात्रंदिवस पोर्ट २२ हे एसएसएचचं दार ठोठावत बसतात, म्हणून पासवर्डऐवजी किल्ली वापरायची, म्हणजे एकमेकींशी जुळणाऱ्या दोन फाइलींची जोडी: पब्लिक सर्व्हरवर, प्रायव्हेट आपल्याकडं. (मराठीत ‘की’ लिहिलं की वाक्याचा घोळ होतो, म्हणून किल्लीच म्हणू.)

एसएसएच-कीजेननं ईडी२५५१९ प्रकारची जोडी बनवा, पासफ्रेज (किल्लीचा स्वतःचा पासवर्ड) द्या, एसएसएच-कॉपी-आयडीनं पब्लिक किल्ली सर्व्हरवर टाका. प्रायव्हेट किल्ली लॅपटॉपवरच राहते. व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवायची नाही.

इथवर सगळ्यांचं जमतं. मग ‘परमिशन डिनाइड, पब्लिककी’ येतं आणि माणूस नव्या किल्ल्या बनवत सुटतो. दोष बहुतेक वेळा सर्व्हरवरच्या फाइल-फोल्डरांच्या परवानग्यांचा असतो, म्हणजे कुणाला काय वाचता-लिहिता येतं याचा. नकाराचं कारण सर्व्हर समोरच्याला सांगत नाही, स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो. उबंटूवर ऑथ.लॉग उघडा. ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ (मालकी किंवा परवानग्या चुकीच्या) दिसलं तर .एसएसएच फोल्डर ७०० आणि पब्लिक किल्ली जिथं साठते ती ऑथराइज्ड_कीज फाइल ६०० करा, म्हणजे दोन्ही फक्त मालकासाठी. एवढं करूनही अडलं तर होम डिरेक्टरी बघा. तिथं ग्रुपला लिहायची मुभा असली, म्हणजे ७७५ जरी असलं, तरी किल्ली नाकारली जाऊ शकते, ७५५ चालतं. शेअर केलेलं फोल्डर चालत नाही म्हणून कुणीतरी सरसकट ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं, मारलेलं असतं, त्याची ही फळं. ऑथराइज्ड_कीज फाइल सुडोनं, म्हणजे ॲडमिनच्या हक्कानं, बनवली असेल तर मालक रूट होतो आणि ६०० वर ती युजरच्या हक्कानं वाचताच येत नाही. चाउन कमांडनं मालकी युजरला द्या.

लॅपटॉपवरच्या एजंटमध्ये (किल्ल्या सांभाळून एकेक पुढं करणारा प्रोग्रॅम) सात-आठ किल्ल्या असतील तर योग्य किल्लीची पाळी यायच्या आत सहा प्रयत्न संपतात. लॅपटॉपवरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये आयडेंटिटीफाइलसोबत (कुठली किल्ली वापरायची ती ओळ) ‘आयडेंटिटीजओन्ली यस’ लिहा, म्हणजे तेवढीच किल्ली पुढं जाते.

पासवर्ड बंद करताना फसगत वेगळीच. सर्व्हरवरच्या एसएसएचडी_कॉन्फिग फाइलमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहायचं असतं, पण तिथं पहिली नोंद लागू होते, शेवटची नाही. क्लाउड सर्व्हरवर एसएसएचडी_कॉन्फिग.डी फोल्डरातली क्लाउड-इनिटची (नवा सर्व्हर आपोआप मांडणारा प्रोग्रॅम) फाइल आधीच ‘यस’ म्हणून बसलेली असू शकते, आणि खाली लिहिलेल्या ‘नो’ला कुणी विचारत नाही. खरं काय लागू आहे ते ‘एसएसएचडी -टी’ सांगतं, टी कॅपिटल. स्मॉल टी फक्त चुका तपासतं. एसएसएच सेवा रीस्टार्ट केल्यावर जुनं सेशन तसंच उघडं ठेवा आणि दुसऱ्या टर्मिनलातून आत शिरून बघा. नाहीतर मॉनिटर जोडायला लातूरची एसटी धरायची.