बेम्प्टनचे कडे: पफिनच्या नादात बाकीचं चुकवू नका

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या किनाऱ्याजवळच्या बेम्प्टन स्टेशनवर आमच्याबरोबर उतरलेल्या बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द होता: पफिन. मीही त्यातलीच. बाबा देवगडहून आमच्याकडे लीड्सला आले होते आणि नारिंगी चोचीचा तो पक्षी त्यांना दाखवायचाच, असं मी ठरवून टाकलं होतं. जूनचा शेवटचा आठवडा, म्हणजे ऐन हंगाम. तरी पहिल्या दीड तासात पफिन दिसला शून्य.

आधी पोचायचं बघू. हल ते स्कारबरो मार्गावर हे छोटं स्टेशन आहे. तिथून गाव ओलांडून कड्यांपर्यंत अर्धा-पाऊण तास चालावं लागतं. टॅक्सीच्या भरवशावर येऊ नका. गाडी साधारण तासाला एक, तेव्हा परतीच्या वेळा सकाळीच बघून ठेवा. आम्ही ठेवल्या नाहीत आणि संध्याकाळी एक गाडी डोळ्यांदेखत गेली. कड्यांवरचं राखीव क्षेत्र आरएसपीबी ही पक्षिसंरक्षण संस्था सांभाळते. सभासदांना प्रवेश फुकट, बाकीच्यांना तिकीट. जूनमध्येसुद्धा वाऱ्याला अडवणारं जाकीट हवंच. टोपी घातलीत तर बांधून घाला; माझी आता उत्तर समुद्रात आहे.

कडे दिसायच्या आधी वास येतो. बाबा थबकले. "अगो, ही तर सुकट!" म्हणाले आणि एकदम खुशीत आले.

जवळजवळ शंभर मीटर उंच पांढरे कडे, आणि त्यांच्या प्रत्येक खाचेत पक्षी. हंगामात इथे सुमारे पाच लाख समुद्रपक्षी असतात. किटीवेक, म्हणजे छोटे कुरव पक्षी, स्वतःचंच नाव घेऊन दिवसभर ओरडत असतात. पण माझी नजर खिळली ती गिलेमॉट या काळ्या-पांढऱ्या समुद्रपक्ष्यांवर. वीतभर रुंदीच्या कपारीवर खांद्याला खांदा लावून, समुद्राकडे पाठ करून रांगच्या रांग उभी. घरटं म्हणून काही नाही, अंडं थेट दगडावर. प्रत्येक मादीच्या अंड्याचा रंग आणि त्यावरच्या रेघोट्या वेगळ्या, त्यामुळे त्या गर्दीतही आपलं अंडं ओळखू येतं.

संध्याकाळपर्यंत थांबा, हे मात्र कळकळीने सांगते. गिलेमॉटचं पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं होतं, अजून उडता येत नसतं, आणि तेव्हाच ते कड्यावरून उडी मारतं. खाली पाण्यात बाप हाका मारत असतो. आम्ही बघत होतो ते पिल्लू तीनदा कडेपर्यंत आलं आणि तीनदा मागे सरलं. चौथ्यांदा दिसेनासंच झालं. दुर्बिणीत शोधलं तर ते एका खडकावर आपटून पाण्यात पडलं होतं. जरा वेळाने एक मोठं डोकं आणि एक छोटं डोकं शेजारी शेजारी समुद्राकडे निघाली. बाबांनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला.

याच कड्यांखाली एकोणिसाव्या शतकात लोक जवळच्या ब्रिडलिंग्टन गावाहून होड्या करून मौजेखातर गोळ्या झाडायला येत. किटीवेकची पिसं बायकांच्या टोप्यांवर जात. त्यावर ओरड झाली आणि ईस्ट रायडिंगचे (यॉर्कशायरच्या याच भागाचे) खासदार क्रिस्टोफर साइक्स यांनी विधेयक आणलं. 1869 चा तो समुद्रपक्षी संरक्षण कायदा म्हणजे ब्रिटनमधल्या पक्षिसंरक्षणाच्या कायद्यांची सुरुवात. 1 एप्रिल ते 1 ऑगस्ट शिकार बंद. धुक्यात पक्ष्यांच्या कलकलाटावरून खलाशांना कडा जवळ आल्याचं कळतं, हाही मुद्दा तेव्हा मांडला गेला होता. बाबांना तो सगळ्यात पटला. अंडी मात्र कायद्यातून सुटली. स्थानिक लोक दोराने कड्यावरून लोंबकळत ती गोळा करत राहिले, काही खायला, काही चामडं चकचकीत करायला. ते 1954 च्या कायद्याने थांबलं.

आताचा वाद माशांचा आहे. सँडईल हा वाळूत शिरून राहणारा बारीक, चंदेरी मासा म्हणजे पफिन आणि किटीवेकचं मुख्य अन्न. त्याचं पीठ आणि तेल काढण्यासाठी मोठ्या बोटी, बहुतेक डेन्मार्कच्या, तो उपसायच्या. मार्च 2024 पासून ब्रिटनने उत्तर समुद्रातल्या इंग्लंडच्या पाण्यात आणि स्कॉटलंडच्या सगळ्या पाण्यात ही मासेमारी बंद केली. युरोपीय संघ लवादात गेला. 2025 च्या निकालात बंदीमागचं शास्त्र ग्राह्य धरलं गेलं, इंग्लंडच्या निर्णयप्रक्रियेवर मात्र बोट ठेवलं गेलं. "आमच्याकडे पावसाळ्यात बंदी असते ती माशांसाठी. इथे पक्ष्यांसाठी?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, मासा वाचला तर दोघांचंही भागेल. त्यांचं समाधान झालं असं वाटलं नाही. डेन्मार्कच्या कोळ्यांची बाजूही ऐकायला हवी, एवढंच म्हणाले.

गॅनेट या मोठ्या समुद्रपक्ष्यासाठी कड्यांवरच्या स्टेपल न्यूक या टोकापर्यंत चाला. पंख पसरले की जवळजवळ दोन मीटरचा हा पक्षी तिथे तुमच्या डोळ्यांच्या पातळीवरून तरंगत जातो. घरट्यांमध्ये निळे-केशरी तुकडे दिसतील. फुलं नव्हेत, जाळ्यांच्या दोऱ्या आहेत. फोटो काढायचे तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. कड्यांचं तोंड उत्तरेकडे असल्याने भरदुपारी पक्षी सावलीत जातात. दुर्बीण घरून आणा.

आणि पफिन? जुलै सरत आला की ते निघून जातात, म्हणून मे-जूनमध्येच या. थव्यात शोधू नका, कड्यांच्या भेगांच्या तोंडाशी एकेकटे बसतात. आम्हाला असाच एक दिसला, चोचीत मासे आडवे धरलेला. मी फोटोसाठी धडपडत होते. बाबांनी दुर्बीण लावली आणि पक्षी सोडून मासे मोजले.

"सहा," म्हणाले. "सातवा निसटला."