नावातच 'काय' असलेलं गाव

"कुठे निघालायस?" ताईनं फोनवर विचारलं.
"ग्वाइन-काय-गुर्वेनला."
"काय?"
"हो, तेच. मधलं काय म्हणजे वेल्शमध्ये शेत."
तिनं फोन ठेवला.

दक्षिण वेल्सच्या कोळसापट्ट्यातलं हे गाव. स्वान्झीहून बस, पॉन्टरडावेला उतरून दुसरी बस. ती डोळ्यांदेखत निघून गेली, म्हणून तासभर पावसात उभा राहिलो. दोष माझाच, वेळापत्रक रविवारचं वाचलं होतं.

गावात पाहण्यासारखं काय? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. रस्त्याला आडवे जाणारे कोळशाच्या गाडीचे रूळ, दगडी घरांच्या रांगा, मागे ओल्या टेकड्या. रग्बीवाल्यांना हे गाव गॅरेथ एडवर्ड्समुळे ठाऊक असतं. मी मात्र आलो होतो १९३३ साली इथं जन्मलेल्या एका नटीसाठी.

कोपऱ्यावरच्या दुकानात चहा मागितला आणि गल्ल्यावरच्या आजींना म्हणालो, "सियान फिलिप्स इथल्याच ना?"
आजींनी आधी माझा उच्चार दुरुस्त केला. "शान."
आपली शान! इतकं सोपं, आणि मी वर्षानुवर्षं चुकीचं म्हणत होतो. पाळण्यातलं नाव जेन. शान हे त्याचं वेल्श रूप, तेच पुढे रंगमंचावर गेलं. मला दुरुस्त करून आजी शेजारच्या गिऱ्हाइकाशी वेल्शमध्ये बोलू लागल्या. घशातून येणारा तो ख, मधेच हेल. मला एक अक्षर कळेना, तरी ऐकत बसलो.

शानबाईंचं बालपण याच भाषेत गेलं. इंग्रजी त्या रेडिओ ऐकून शिकल्या आणि अकराव्या वर्षी त्याच रेडिओवर स्वतः बोलल्या. पुढे कार्डिफचं विद्यापीठ आणि १९५५ साली शिष्यवृत्तीवर लंडनची राडा ही नाट्यशाळा. नट पीटर ओ'टूलशी वीस वर्षांचा संसार झाला, दोन मुली झाल्या. त्यांच्याबद्दलचे लेख बहुधा या लग्नातच अडकतात, त्याचा मला कंटाळा आहे.

मला त्या भेटल्या १९७६च्या 'आय, क्लॉडियस' या बीबीसी मालिकेत. सम्राट ऑगस्टसची बायको लिव्हिया, माणसं विषानं बाजूला करणारी. ऑगस्टस मरतो तो प्रसंग आठवा. कॅमेरा मरणाऱ्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. लिव्हिया दिसत नाही, फक्त तिचा आवाज येत राहतो. शांत, समजूत घालणारा, थोडा वैतागलेला, वर्षानुवर्षांच्या संसारातला. आरडाओरडा नाही, तरी अंगावर काटा येतो. त्या वर्षी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार त्यांनाच मिळाला, लिव्हियासाठी आणि 'हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली' या मालिकेतल्या खाणकामगाराच्या बायकोसाठी मिळून. एकीकडे रोमची सम्राज्ञी, दुसरीकडे असल्याच एखाद्या दगडी घरातली आई! १९८४च्या 'ड्यून' चित्रपटात डोक्याचा तुळतुळीत गोटा, आणि साठी उलटल्यावर जर्मन नटी-गायिका मार्लेन डीट्रिच होऊन ब्रॉडवेवर गाणं. २०१६ साली डेम हा किताबही आला.

"घर कुठलं त्यांचं?" मी आजींना विचारलं.
त्यांनी खिडकीबाहेर हात केला, नेमका कुठे ते पावसात समजलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

परतीच्या बसमधून उतरताना सगळ्यांसारखा मीही ड्रायव्हरला "दिओल्ख", म्हणजे धन्यवाद, म्हणालो. शेवटचा ख जरा जास्तच घासला असावा. तो हसला आणि खोकल्याची गोळी पुढे केली.