काँक्रीट नसलेल्या वाड्याची हातोडा चाचणी

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतला आमचा वाडा पाडायचा नाही, एवढं घरात ठरायलाच आठ महिने गेले. ते सांगत बसत नाही. प्रत्येक घरात एक चुलतभाऊ असतो आणि त्याला एक बिल्डर भेटलेला असतोच.

जुलै २०२१ च्या पुरात पाणी परसातून आत आलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आकडे आमच्या गल्लीत पोरांनाही पाठ. पाणी ओसरल्यावर मागची पांढऱ्या मातीची भिंत दोन खण बसली. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर दारावर महापालिका कायद्याच्या कलम २६४ ची नोटीस चिकटली. धोकादायक, वर्ग सी-१. म्हणजे रिकामी करा आणि पाडा. आम्हाला हवा होता सी-२ए, म्हणजे रिकामी करा पण दुरुस्त करा. त्यासाठी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरनं इमारतीची मजबुती तपासून दिलेला अहवाल लागतो.

पहिल्या इंजिनिअरनं दारातूनच मान हलवली. दुसऱ्यानं तळखडे, तुळया, कडीपाट सगळं ठोकून पाहिलं आणि अहवाल दिला: लाकूड शाबूत, भिंत नव्यानं उभारावी.

मग ते टेबल. कुठल्या कार्यालयातलं, ते सांगत नाही.

"रिबाऊंड हॅमरचं रीडिंग कुठाय?"

"साहेब, हातोडा मारून ताकद मोजायची ती काँक्रीटची चाचणी. वाड्यात काँक्रीटच नाही."

"मग टेस्ट केली नाही?"

"नाही."

"मग अहवाल अपूर्ण."

परत गेलो. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला कळलं की अहवालाच्या नमुन्यातले कॉलम-बीमचे रकानेही मोकळे आहेत. चौथ्या खेपेला क्लार्कनं आपुलकीनं सुचवलं, "एखाद्या कॉलमवर मारून घ्या की." सागवानी खांबावर! शंभर पावसाळे काढलेला तो खांब, आणि त्यावर सिमेंटची ताकद मोजायची. क्लार्क वाईट नव्हता. म्हणाला, "तुमचं खरं आहे हो, पण रकाना मोकळा सोडता येत नाही." इकडे नोटिशीची मुदत पळत होती आणि माडीवर काकी सामान बांधू की नको, असं रोज विचारत होत्या.

(म्हणून सांगतो, नोटीस आली की त्याच आठवड्यात लेखी उत्तर द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. मी पहिलं पत्र शिक्क्याविना दिलं. ते कुणालाच सापडलं नाही.)

पाचव्या खेपेला डोकं फिरलं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला: लाकूड-मातीच्या इमारतीला ही चाचणी कोणत्या नियमानं लागते? तीस दिवसांची मुदत, उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आलं: माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही. इतकं गोड सरकारी वाक्य मी आजवर वाचलेलं नव्हतं.

त्याची झेरॉक्स जोडली. इंजिनिअरनं प्रत्येक मोकळ्या रकान्यात 'लागू नाही, बांधकाम लाकूड व माती' लिहून सही-शिक्का मारला. चार मिनिटांत अहवाल घेतला गेला. रकाना मोकळा नव्हता ना! पाहणी झाली आणि सी-२ए मिळाला. पुढचं सगळं इतकं सरळ झालं की लिहायला काही उरलं नाही.

दुरुस्तीला सिमेंटचा गिलावा करू नका, कितीही स्वस्त पडला तरी. ओल आत कोंडते आणि माती भुसभुशीत होते. चुनाच वापरा. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधण्यात मात्र दीड महिना जातो.

खरं तर सगळ्यात आधी वाडा हेरिटेज यादीत आहे का आणि कुठल्या श्रेणीत, हे विचारायला हवं होतं. आमचा नव्हता. असता तर वाट वेगळी, समितीच्या संमतीशिवाय पाडणंही नाही आणि मनासारखी दुरुस्तीही नाही. आणि प्रॉपर्टी कार्ड आधीच काढून बघा. आमच्या कार्डावर अजून आजोबाच मालक होते. वारस नोंदीला लागलेले दिवस मी धरलेलेच नाहीत.