तुम्ही विचारलंत म्हणून : सैनिकाचा मान आणि पांदणीतला मुरूम

गावातल्या सत्कारांची भाषणं बरीच वर्षं मीच लिहीत आलो, त्यामुळे बाहेरून आलेले पाहुणे मला हमखास विचारतात, "गुरुजी, तुमचा एक जवान शहीद झाला, दुसरा जवान पाय गमावून परत आला. गाव त्यांच्यासाठी करतं तरी काय?"

जो गेला त्याचा मान राखणं खेड्याला शिकवावं लागत नाही. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन जवान गेले : मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. त्यांच्या अंत्ययात्रांना जी माणसं लोटली, त्यांना कुणी निमंत्रण धाडलं नव्हतं. दोघेही सीआरपीएफचे. सेना वेगळी, निमलष्करी दल वेगळं, हा हिशेब सरकारदरबारी. आमच्या लेखी वर्दी ती वर्दी.

आमच्या गावच्या शहीद जवानाचं नाव शाळेच्या फाटकावर आहे. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी त्याच्या घरची जाते. हा मान पूर्वी एका जुन्या घराण्याचा होता, त्यांनी तो स्वतःहून सोडला. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू व्हायच्या आधी त्या जोडीला वाट करून देतात, आणि ते बघताना मला माझ्या गावाचा फार अभिमान वाटतो.

पण त्याची आई वर्षभर जगते, फक्त पोळ्याला नाही. मुलगा अविवाहित होता, म्हणून पेन्शन तिला मिळते, आणि त्यासाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला लागतो. नोव्हेंबर म्हणजे ऐन कापूस वेचणीचा महिना. जन्मभर बोंडं वेचून तिच्या बोटांचे ठसे इतके झिजलेत की मशीन तिला ओळखतच नाही. आता गावातली एक कॉलेजची पोरगी घरी जाऊन मोबाइलवर तिचा चेहरा दाखवून दाखला काढून देते. २०२० पासून राज्यात माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ आहे, तेही अर्ज भरल्याशिवाय होत नाही. असे अर्ज भरून देणं हा माझ्या मते सत्कारच आहे, आणि शालीपेक्षा मोठा.

खरी परीक्षा जखमी होऊन परतलेल्याची. तो समोर चालतो-बोलतो, म्हणून गाव त्याला लवकर विसरतं. आमच्या जवानाला पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवून मिळाला. ते केंद्र १९४४ पासून सैनिकांना पुन्हा उभं करतं आहे. पण आमची पांदण, म्हणजे शेतात जाणारी कच्ची वाट, काळ्या मातीची! पाऊस पडला की धडधाकट माणसाची चप्पल त्यात रुतून बसते, तिथे नकली पाय ओढत शेत गाठायचं कसं? दोन मृगं त्याने वावर बटाईने दिलं. १५ ऑगस्टच्या सत्काराचं विचारायला गेलो तर म्हणाला, "हार राहू द्या जी गुरुजी. पांदणीत मुरूम टाकून देता येईन का?"

मी तेच वाक्य ग्रामसभेत जसंच्या तसं सांगितलं. कुरकुर झाली, प्रत्येकाचीच पांदण चिखलाची आहे. शेवटी शेजारच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर दिले, डिझेलची वर्गणी झाली आणि त्याच्या धुऱ्यापर्यंत मुरूम पडला. आता तो स्वतः पेरणीला उभा राहतो. पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं त्याच पांदणीने धावतात, आणि तो बांधावर शिट्टी घेऊन त्यांच्या वेळा मोजतो.

७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी आम्ही गोळा करतोच. १९४९ पासून देशभर ही रीत आहे. तो पैसा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जातो आणि तो जायलाच हवा. पण जखमी जवानाच्या वाटेतल्या नाल्यावरची मोरी, म्हणजे छोटा पूल, त्या पैशातून होणार नाही. ती अजून बाकी आहे, आणि नाल्याला पाणी आलं की त्याला पलीकडे जाता येत नाही. १ मेच्या ग्रामसभेत पहिला विषय मोरीचाच घ्या, असं सरपंचांना लेखी देऊन आलो आहे.